ओरडा, पण वेळेवर

नाट्यगृहात ‘शू’ करणाऱ्यांची एक जमात असते. मी तिचा जुना सभासद आहे. पुण्यात तिसरी घंटा झाल्यावर मागच्या रांगेत कुणी वेफर्सची पिशवी फोडली, की मी आधी मान थोडी वळवतो, मग पूर्ण वळवतो, आणि तरीही चुरचुर थांबली नाही तर ‘शू’ करतो. वेफर्सपेक्षा माझ्या ‘शू’चाच लोकांना जास्त त्रास होतो असं बायकोचं म्हणणं आहे. पण ती स्वतः नाटक ऐन रंगात आलेलं असताना ‘हा मागच्या नाटकात कोण झाला होता हो?’ असं विचारणाऱ्यांपैकी असल्यानं तिचं मत मी जमेस धरत नाही. मोबाइल वाजला म्हणून प्रयोग थांबवून प्रेक्षकांना सुनावणाऱ्या नटांबद्दल मला नितांत आदर आहे.

अशा माणसाला न्यू जर्सीतल्या भाचीनं एका शनिवारी रात्री बारा वाजता सिनेमाला नेलं. बाराला का, असं मी विचारलं, तर म्हणाली, तो पन्नास वर्षं याच वेळेला लागतो. सिनेमाचं नाव ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’.

‘मामा, तिथं कुणाला शू करायचं नाही हं,’ तिनं गाडीतच बजावलं.

‘का?’

‘लोक ओरडायलाच येतात तिथं.’

‘मध्यंतरात?’

‘सिनेमाभर. आणि मध्यंतर नसतं.’

मध्यंतर नसतं म्हटल्यावर बायकोनं पर्समधला चिवड्याचा पुडा जागेवर आहे ना, ते चाचपून पाहिलं.

थिएटर गावातलं जुनं, एकाच पडद्याचं. दारासमोर रांग होती आणि रांगेतल्या निम्म्या पायांत जाळीदार काळे मोजे होते. त्यांतले बरेच पाय पुरुषांचे होते. काहींच्या अंगावर कॉर्सेट, काहींच्या नुसती सोनेरी चड्डी आणि थंडीला उपाय म्हणून वर लोकरी मफलर. एकजण मोलकरणीच्या काळ्या-पांढऱ्या पोशाखात उभा होता आणि पुढच्या माणसाशी घरकर्जाच्या व्याजदरावर मन लावून बोलत होता. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. येणारेजाणारे वळून बघत होते ते माझ्याकडे.

दारावर पिशव्यांची झडती होती. दारू शोधतात, हत्यारं शोधतात, हे मला समजतं. त्या माणसानं विचारलं, ‘तांदूळ आहेत का?’ तांदूळ, पाणी आणि टोस्ट या तीन गोष्टी आत न्यायला बंदी होती. चिवड्याचा पुडा त्यानं उजेडात धरून बराच वेळ न्याहाळला. यात पोहे आहेत, तांदूळ नाहीत, असं बायकोनं त्याला समजावलं. पोहे तांदळाचेच होतात, हे मी प्रामाणिकपणे सांगणार होतो, तेवढ्यात भाचीनं माझा दंड दाबला.

बंदी असली तरी ज्यांना काहीतरी हातात लागतंच, अशांसाठी दारातच एक कागदी पिशवी विकत मिळत होती. तीत एक वर्तमानपत्र, एक रबरी हातमोजा, एक कागदी टोपी, एक पिपाणी, पत्त्यांची थोडी पानं आणि टॉयलेट पेपरची गुंडाळी. हे सगळं एका सिनेमात कसं काय बसतं, ते मला कळेना. सत्यनारायणाला एवढं सामान लागत नाही.

पहिल्यांदा येणाऱ्याला इथं ‘व्हर्जिन’ म्हणतात आणि त्याच्या कपाळावर लाल लिपस्टिकनं इंग्रजी व्ही काढतात. काढणारा सहा फूट उंच, दाढीवाला, काळ्या कॉर्सेटमधला तरुण होता. आमची वयं पाहून तो जरा घुटमळला. मी भाचीच्या आड सरकू पाहत होतो. बायकोनं मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीनं डोळे मिटून कपाळ पुढं केलं, आणि व्ही काढून झाल्यावर त्याच्याकडून लिपस्टिक मागून घेतली. आपल्याला लावलं की समोरच्याला लावायचं, हा तिचा शिरस्ता. तो दाढीवाला आनंदानं गुडघ्यात वाकला आणि त्यानं ते लावून घेतलं. मागची रांग टाळ्या वाजवायला लागली. आम्ही अजून आतसुद्धा गेलो नव्हतो.

माझ्या शेजारची खुर्ची साधारण पंचावन्नच्या गृहस्थांची होती. जाळीचे मोजे, उंच टाचा, गळ्यात मोत्यांची माळ, आणि डोळ्यांवर माझ्यासारखाच जाड भिंगांचा चष्मा. ते लोकांचे आयकराचे कागद तयार करून देतात असं त्यांनी सांगितलं. आम्ही नवे आहोत हे कपाळावरून कळतच होतं. त्यांनी आमच्या पिशव्या घेतल्या, सामान लागेल त्या क्रमानं मांडीवर लावून दिलं, आणि मग माझ्याकडे झुकून अतिशय अदबीनं म्हणाले, ‘आता मी अधूनमधून ओरडेन. तुमची हरकत नाही ना?’ पुण्यात मला इतक्या सभ्यपणे कुणीही त्रास दिलेला नाही.

गोष्ट सांगायला सोपी आहे, पटवायला अवघड. नुकतंच लग्न ठरलेले ब्रॅड आणि जॅनेट भर पावसात गाडीनं निघालेत. गाडीच्या रेडिओवर निक्सन राजीनाम्याचं भाषण करतोय, म्हणजे साल 1974. टायर फुटतो. फोन करायला म्हणून दोघं जवळच्या वाड्यात जातात. वाड्याचा धनी डॉक्टर फ्रँक-एन-फर्टर हा उंच टाचांतला, कॉर्सेटमधला, परग्रहावरून आलेला शास्त्रज्ञ. त्या रात्री तो प्रयोगशाळेत स्वतःसाठी सोनेरी केसांचा, पिळदार दंडांचा एक पुरुष तयार करतो. पुढं बरंच काही होतं, नोकर बंड करतात, आणि शेवटी वाडाच आकाशात उडून जातो. फोनचं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

अशा गोष्टीचा कर्ता रिचर्ड ओब्रायन. हा न्यूझीलंडमध्ये वाढला. तिथल्या हॅमिल्टन गावात तो लोकांचे केस कापायचा, आणि ज्या इमारतीत कापायचा तिथंच सिनेमाचं थिएटर होतं. जुने भुताखेतांचे आणि परग्रहांचे स्वस्त इंग्रजी चित्रपट डोक्यात साठवून तो लंडनला गेला. हाताला काम नसलेल्या दिवसांत त्यानं हे संगीत नाटक लिहिलं. 19 जून 1973 ला रॉयल कोर्ट थिएटरच्या माडीवर, जेमतेम 63 खुर्च्यांसमोर, पहिला प्रयोग झाला. नाटक 1980 पर्यंत लंडनमध्ये चाललं, प्रयोग 2,960. हॅमिल्टनमध्ये आता त्याचा पुतळा आहे, तोही सिनेमात त्यानंच केलेल्या कुबड्या नोकराच्या, रिफ रॅफच्या वेषात. आपल्याकडे पुतळ्याला निदान फेटा तरी बांधला असता.

सिनेमाचं मात्र सुरुवातीला काही खरं नव्हतं. नाटक 1975 मध्ये ब्रॉडवेवर नेलं ते 45 प्रयोगांत गुंडाळावं लागलं. त्याच वर्षी सिनेमा आला. टिम करी, सुसान सारंडन, बॅरी बॉस्टविक अशी मंडळी त्यात होती, पण समीक्षकांनी नाकं मुरडली आणि अमेरिकेतली थिएटरं ओस पडली. फॉक्स कंपनीतल्या टिम डीगन नावाच्या माणसाच्या लक्षात एक गोष्ट आली. लॉस एंजेलिसच्या एका थिएटरात मात्र गर्दी होती, आणि ती पुन्हा पुन्हा तीच माणसं येत असल्यामुळं होती. दिवसा चालत नसलेला हा सिनेमा मध्यरात्री लावून पाहू, असं त्यानं ठरवलं. 1 एप्रिल 1976 ला न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या वेव्हर्ली थिएटरात तो रात्री बाराला लागला. त्यानंतर तो कुठं ना कुठं चालूच आहे. म्युनिकच्या एका थिएटरात 1977 पासून आहे. 2005 मध्ये अमेरिकन सरकारच्या जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीतही तो गेला. पुढं 2019 मध्ये डिस्नेनं फॉक्स विकत घेतली, तेव्हा फॉक्सचे पुष्कळ जुने सिनेमे थिएटरांना मिळेनासे झाले. याला मात्र हात लावला गेला नाही. मिकी माउसच्या घरात हा जाळीच्या मोज्यांतला जुना भाडेकरू अजून राहतोय.

ही सगळी माहिती शेजारच्या आयकरवाल्यांनी मला सिनेमा चालू असताना दिली. दोन आरोळ्यांच्या मधे ते बोलायचे.

आणि आरोळ्यांबद्दलच मला खरं सांगायचं आहे. माझी समजूत होती की लोक वाटेल ते, वाटेल तेव्हा ओरडत असतील. सिनेमा सुरू झाला, काळ्या पडद्यावर फक्त लाल ओठ दिसू लागले, आणि पुढच्या दहा मिनिटांत माझी समजूत बदलली. इथं वाटेल ते काहीच नव्हतं. ब्रॅडचं नाव उच्चारलं गेलं की अख्खं थिएटर त्याला एक ठरलेली शिवी घालतं, जॅनेटचं आलं की तिला दुसरी.

‘तिनं केलंय काय?’ बायकोनं विचारलं.

‘काही नाही,’ शेजारी म्हणाले, ‘पद्धत आहे.’

पद्धत आहे म्हटल्यावर बायकोचं समाधान झालं. तिसऱ्या वेळेपासून तीही द्यायला लागली. शिवीचा अर्थ मी तिला घरी आल्यावर सांगितला.

या सिनेमाचं एक वैगुण्य आहे आणि तेच त्याच्या कामी आलंय. नट वाक्य बोलतात आणि उगाच थांबतात. गुन्हेशास्त्रज्ञ म्हणून टेबलामागं बसलेला एक निवेदक आहे, तो तर एक शब्द बोलून दुसऱ्याची वाट पाहतो. रिकाम्या थिएटरात हे बघणं कंटाळवाणंच असणार. पण 1976 च्या उन्हाळ्याअखेरीस वेव्हर्लीत बसलेल्या एका माणसाला त्या रिकाम्या जागा सहन झाल्या नाहीत. पडद्यावर जॅनेट डोक्यावर वर्तमानपत्र धरून पावसातून चालली होती. छत्री घे की एखादी, चिक्कू कुठली, अशा अर्थाचं काहीतरी एका शिवीसकट तो तिला म्हणाला. लोक हसले. पुढच्या खेळाला इतरांनीही ते म्हटलं, मग दुसऱ्या कुणी दुसऱ्या जागी दुसरं. पहिलं वाक्य टाकणारा माणूस स्टेटन आयलंडचा बालवाडीचा शिक्षक होता. आठवडाभर पोरांना ‘गप्प बसा’ सांगून झाल्यावर माणसाचं काय होतं, हे यावरून समजावं.

त्या जागा आता पक्क्या भरल्या गेल्यात. फ्रँक-एन-फर्टर गाण्याच्या मधेच एका शब्दाचं पहिलं अर्ध म्हणतो आणि श्वास रोखून उभा राहतो. थिएटर त्याला ‘बोल की!’ म्हणून ओरडतं, आणि मगच तो उरलेलं अर्ध म्हणतो. खरं तर पन्नास वर्षांपूर्वीच त्यानं ते म्हणून ठेवलंय. तरी दर शनिवारी प्रेक्षकांना वाटतं, आपण सांगितलं म्हणून बोलला. मलाही वाटलं. मी ओरडलो नव्हतो, तरी वाटलं.

पडद्याच्या पुढं आणखी एक सिनेमा चालू होता. गावातलीच दहाबारा माणसं त्याच वेषांत, पडद्यावरच्या प्रत्येक हालचालीबरोबर हलत, ओठ हलवत अख्खा सिनेमा उभ्यानं करत होती. याला शॅडो कास्ट म्हणतात. पैसे मिळत नाहीत, तालमी मात्र होतात. जॅनेट झालेली मुलगी दंतवैद्याकडे कामाला होती, आणि पडद्यावरच्या सुसान सारंडनपेक्षा अर्धा क्षण आधी दचकत होती. नाटकवाला माणूस असल्यानं मला ते खटकलं. शेजाऱ्यांना तसं म्हटलं, तर ते म्हणाले, ‘नवीन आहे. दोन वर्षंच झालीत.’

पहिला सामानाचा प्रसंग लग्नाचा. ब्रॅड-जॅनेटच्या मित्राचं लग्न लागतं, नवरानवरी चर्चबाहेर येतात आणि पडद्यावरचे लोक तांदूळ उधळतात. पूर्वी थिएटरातलेही उधळायचे. पुढं ते खुर्च्यांच्या फटींत जाऊन बसतात, उंदीर येतात, झाडणाऱ्यांचे हाल होतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी बंद झालं. आता लोक रिकाम्या मुठी हवेत भिरकावतात. बायकोनं रिकाम्या मुठी भिरकावल्या नाहीत. तिनं तीन बोटांच्या चिमटीत न दिसणाऱ्या अक्षता धरल्या आणि माणसं आडवी येणार नाहीत अशा बेतानं दोघांच्या डोक्यांवर नेमक्या टाकल्या. शेजारी टक लावून पाहत राहिले.

‘त्यांनी हे आधी केलेलं दिसतंय,’ ते मला म्हणाले.

‘दर मे महिन्यात,’ मी म्हटलं.

मग सगळं भराभर आलं. पाऊस लागला तशी वर्तमानपत्रं डोक्यावर गेली. पाण्याच्या पिचकाऱ्यांना बंदी असल्यानं कोरडाच पाऊस. पुढं अंधारात एका दिव्याचं गाणं आलं आणि थिएटरभर मोबाइलचे दिवे पेटले. एकाच वेळी इतके मोबाइल! माझ्या छातीत धस्स झालं, मान आपोआप वळायला लागली. भाचीनं ती हातानं धरून सरळ केली. फ्रँकनं हातमोजा ताणून फट्‌ केलं, शंभर हातमोज्यांनी फट्‌ केलं. माझा उशिरा झाला. शंभरानंतरचं एकटं फट्‌ किती मोठं ऐकू येतं, ते मला तेव्हा कळलं.

चाकांच्या खुर्चीतून डॉक्टर स्कॉट आत आले आणि ब्रॅड आश्चर्यानं त्यांचं नाव घेऊन ओरडला. त्याच क्षणी थिएटरातून टॉयलेट पेपरची भेंडोळी उडाली. स्कॉट नावाचा टॉयलेट पेपर अमेरिकेत घरोघरी असतो, एवढाच त्याचा संबंध. माझंही भेंडोळं छान लांब गेलं. इतके दिवस अमेरिकेत राहून त्या कागदाचा मला एवढा चांगला उपयोग पहिल्यांदाच सापडला.

नाचाला मात्र मी उठणार नव्हतो. ‘टाइम वॉर्प’ नावाचं जे गाणं आहे त्यात निवेदक तक्ता लावून पावलं शिकवतो. डावीकडे उडी, उजवीकडे पाऊल, हात कमरेवर, गुडघे जुळवून आत. त्यानंतरची कमरेची हालचाल माझ्या वयात लिहिणं बरं नव्हे. अख्खं थिएटर खुर्च्यांच्या मधल्या वाटेत उतरलं होतं. माझ्या उजव्या गुडघ्याच्या डॉक्टरांनी उडीबद्दल स्पष्ट सूचना दिलेली आहे, ती मी शेजाऱ्यांना सांगितली. त्यांनी स्वतःच्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. जाळीच्या मोज्याखाली त्यांनी गुडघ्याचा पट्टा बांधला होता. मी उठलो. डावीकडे उडी मारायच्या वेळी डावीकडेच उभा राहिलो, म्हणजे उडी मारून झालेल्या माणसासारखा दिसतो.

खाली बसल्यावर त्यांनी सांगितलं, की पहिल्यांदा आले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. घरी सांगितलं होतं, मित्राबरोबर सिनेमाला जातोय. मोजे कोटाच्या खिशात, आणि बदलायची जागा थिएटरचं संडास. आठवड्यातून ते तीन तास सोडले तर बाकी वेळ ते कोटातच असत. ‘आता घरूनच घालून येतो,’ ते म्हणाले, ‘नवरा गाडीनं सोडतो.’ मला यावर काय बोलावं ते सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी पिपाण्या वाजवायची वेळ झाली होती.

माझ्या दृष्टीनं त्या रात्रीची सगळ्यात मोठी घटना यानंतर घडली. मागच्या रांगेत कॉलेजातल्या पोरांचा एक घोळका होता. त्यांतला एकजण बराच वेळ स्वतःच्या मनानं काहीबाही ओरडत होता. म्हणजे ठरलेलं सोडून. एका संथ जागी त्यानं पाचकळ काहीतरी म्हटलं आणि ते नेमकं पडद्यावरच्या वाक्यावर पडलं. पुढची ठरलेली आरोळी त्यामुळं हुकली. शेजाऱ्यांनी आधी मान थोडी वळवली. मग पूर्ण वळवली. आणि मग उंच टाचांतल्या, मोत्यांची माळ घातलेल्या त्या गृहस्थांनी माझ्या डोळ्यांदेखत त्या पोराला ‘शू’ केलं.

काय तो ‘शू’! लांबी बेताची, धार पक्की, आणि शेवट असा की समोरच्याला उत्तर द्यायला जागाच राहू नये. टिळक स्मारकच्या पहिल्या पाच रांगांत शोभला असता. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मीही वळलो आणि त्या पोराला माझा एक दिला. भाचीनं कपाळाला हात लावला. तिनं मनाई केली होती, हे खरं. पण मी सिनेमा बघू देत नाही म्हणून शू केलं नव्हतं. नीट ओरडू देत नाही म्हणून केलं होतं.

पोरगा त्यानंतर वेळेवर ओरडायला लागला.

दोनच्या सुमाराला दिवे लागले. फ्रँक-एन-फर्टर झालेला तरुण कॉर्सेटवरच लांब दांड्याचा झाडू घेऊन उतरला आणि शॅडो कास्टनं थिएटर झाडायला घेतलं. बायको दोन खुर्च्यांखालचं त्याच्या नजरेतून सुटलेलं भेंडोळं त्याला दाखवत उभी राहिली. नंतर शेजाऱ्यांनीच आम्हाला रात्रभर उघड्या असणाऱ्या एका डायनरमध्ये नेलं. तिथं रंग न पुसलेली अर्धी मंडळी पॅनकेक खात बसली होती. आमच्या कपाळांवरचे व्ही तसेच होते, वेट्रेसनं त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तुमच्या देशात असलं काही आहे का, असं त्यांनी विचारलं. मी ‘शोले’पासून सुरुवात केली. त्यांचा सिनेमा लंडनच्या रियाल्टोत 14 ऑगस्ट 1975 ला लागला, आमचा मुंबईत दुसऱ्या दिवशी. तोही सुरुवातीला पडला असंच म्हणत होते, मग मिनर्व्हाला पाच वर्षं चालला. गाण्यांच्या तबकड्या निघतात तशा त्याच्या संवादांच्या निघाल्या, आणि लोक थिएटरात गब्बरच्या आधी गब्बरचं वाक्य म्हणायचे. त्यांना हे आवडलं, पण विशेष वाटलं नाही. नुसतं बोलणं म्हणजे, त्यांच्या मते, सुरुवात होती.

तेव्हा बायकोनं चिवड्याचा पुडा टेबलावर सोडला आणि ‘जय संतोषी माँ’ काढला. तोही 1975 चाच, थोड्या पैशांत केलेला, आणि बघता बघता देशभर तुफान चाललेला. सोलापुरात ती लहानपणी आजीबरोबर गेली होती. बायका चपला दाराबाहेर काढून आत जायच्या. पदराच्या गाठीला सुट्टे पैसे, हातात फुलं, काहींच्या हातात ताट. पडद्यावर देवी आली की पैसे, फुलं, तांदूळ सगळं पडद्यावर.

‘तांदूळ चालायचे?’ शेजारी पुढं सरसावले.

‘चालायचे म्हणजे काय! देवीला कोण अडवणार?’

त्यांनी चिवड्याचा घास थांबवला. आयकराचा एखादा कागद तपासावा तसे गंभीर झाले. ‘पण टाकायचं नेमकं केव्हा? प्रत्येकजण आपापल्या मनानं टाकायचा, की काही ठरलेलं होतं?’

‘छे, मनानं कसं? आरती सुरू झाली की.’

त्यांनी मान डोलवली. ‘चांगली जागा आहे,’ ते म्हणाले, आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचायला लागले.